शेवटचं लग्न होईपर्यंत

त्यांचं खरं नाव वीजबिलावरसुद्धा नव्हतं. बिल हॉलच्या नावाने येई, आणि हॉलमागच्या दोन खोल्यांत राहणाऱ्या या माणसाला सगळे चावीकाका म्हणत. कमरेला चाव्यांचा एवढा मोठा जुडगा असे, की ते दिसण्याआधी त्यांचा आवाज येई. त्यातल्या अर्ध्याअधिक चाव्यांची कुलुपं कधीच मोडून गेली होती. "मग टाका ना त्या," असं कुणी म्हटलं की काका म्हणत, "टाकायच्या, आणि कुलूप परत आलं तर?"

एकदा एका लग्नात नवरा मुलगाच कपडे बदलायच्या खोलीत अडकला. दाराचा खटका आतून बसला होता. काका जुडगा घेऊन आले आणि एकेक चावी लावून बघू लागले. आतून मुलाने दबक्या आवाजात विचारलं, "काका, बाहेर सगळे काय म्हणतायत?"

"म्हणतायत, पळाला."

"आणि ती?"

"ती म्हणतेय, पळाला असेल तर बूट इथेच कसे?"

दार उघडलं तेव्हा मुलगा हसत बाहेर आला. त्या लग्नातल्या सगळ्या फोटोंत तो तसाच हसतोय, असं काका सांगत.

हॉल तसा साधा होता. मधे मोठं दालन, एका टोकाला स्टेज, बाजूला जेवणाची पडवी, तिच्यामागे स्वयंपाकघर, मग पाण्याचा पंप, आणि पंपाच्या भिंतीला लागून काकांचं बिऱ्हाड. पंप सुरू झाला की मांडणीवरच्या ताटल्या किणकिणत. काका इथे पहिल्यांदा आले ते वायरमन म्हणून. कुठल्यातरी लग्नात ऐन गर्दीत दिवे गेले होते. त्यांनी फ्यूज बांधून दिला, तेव्हा थोरले मालक म्हणाले, "आजच्या दिवस थांब, परत उडाला तर?" त्या एका दिवसासाठी थांबलेले काका तिथेच म्हातारे झाले.

काकू आल्या त्या लग्न होऊन थेट या दोन खोल्यांत. माहेर लांब, एक रात्र आणि वर एक सकाळ बसचा प्रवास. पहिल्या वर्षी त्या पंपाच्या आवाजाने दचकून उठत. नंतर पंप बंद पडला की उठू लागल्या.

हॉलमधलं एक काम मात्र काकूंचं होतं. प्रत्येक लग्नाच्या आदल्या संध्याकाळी, खुर्च्या मांडून झाल्या की साऊंडवाला माइक लावी. बाकीच्या हॉलमध्ये कुणीतरी "हॅलो, हॅलो, चेक" म्हणतं आणि काम संपतं. काकांना ते पटत नसे. त्यांचं म्हणणं, हॅलो काय, कुणालाही कळतं. शेवटच्या ओळीत कोपऱ्यात बसलेल्या म्हाताऱ्याला अर्थाचं बोलणं समजलं, तरच माइक ठीक. म्हणून काका त्या कोपऱ्यातल्या खुर्चीत जाऊन बसत आणि काकू स्टेजवर उभ्या राहून माइकमध्ये अर्थाचं बोलत.

"दूधवाल्याला उद्या नको म्हणून सांगा. मी सांगितलं तर तो ऐकत नाही."

"शर्टाचं बटण मी लावणार नाही. सुई कपाटात आहे, दोरा सुईत आहे, आणि हात तुम्हाला आहेत."

"काल तुमच्या बहिणीला फोनवर काय सांगितलंत ते मला कळलंय."

फुलांची सजावट करणारे, दिवे लावणारे, सगळे हातातलं काम टाकून ऐकत आणि हसत. काका मागून हात वर करत. ऐकू आलं, अशी ती खूण. घरी गेल्यावर काकू विचारत, "मग बटण लावणार ना?" तर काका म्हणत, "हात वर केला म्हणजे ऐकू आलं. कबूल केलं असं नाही."

असं चाललं होतं, आणि मग काकूंना स्टेजच्या पायऱ्या चढवेनाशा झाल्या. आधी पाय सुजले. मग उशा वाढत गेल्या. आडवं झालं की दम लागे, म्हणून त्या पलंगावर टेकून बसूनच झोपू लागल्या. हृदय थकलंय, असं डॉक्टरांनी सांगितलं. मुलगा जहाजावर नोकरीला, वर्षाचे बरेच महिने पाण्यावर. त्याने फोनवर औषधांची नावं लिहून घेतली आणि परत एकदा वाचून दाखवली.

काकूंनी काही मागितलं नाही, एक सोडून. त्यांची थोरली बहीण अजून माहेरच्या घरात होती. मांडीचं हाड मोडल्यापासून ती अंगणापलीकडे गेली नव्हती. दोघी भेटल्या त्याला फार वर्षं झाली होती. दरवर्षी निघायचं ठरे आणि दरवर्षी कुणाचं तरी लग्न आडवं येई. "दुसऱ्यांच्या एवढ्या पोरी सासरी पोचवल्यात," काकू म्हणाल्या, "आता मला एकदा माहेरी पोचवा."

काका डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर म्हणाले, "न्यायचं असेल तर आत्ता न्या. सोबत नीट असू दे. पुढचं मी सांगू शकत नाही."

बहिणीचा मुलगा, म्हणजे काकूंचा भाचा, गाडी घेऊन न्यायला यायला तयार होता. काकूंनी त्याला सरळ नाही सांगितलं. "एकटी आलेली बघून तुझ्या आईला वाटेल, भांडून आली. या वयात तिला तो घोर नको. आम्ही दोघं येऊ." त्याने मग रोज व्हिडिओ कॉल लावायचं सुचवलं, निदान दोघी बहिणी एकमेकींना बघतील. त्यालाही काकूंनी नाही म्हटलं. आवाज ऐकायच्या, पण चेहरा दाखवायचा म्हटलं की फोन उपडा ठेवून देत. काकांनी कारण विचारलं तर म्हणाल्या, "फोनवर बघून झालं की जायचं राहून जातं. मला तिला तिच्या दारात बघायचंय."

काकांनी नोकरी सोडायचं मनाशी पक्कं केलं, आणि त्याच सुमारास थोरले मालक गेले. त्यांची मुलं परगावी होती. त्यांनी हॉल विकला.

नवे मालक तरुण होते, बोलायला सरळ. त्यांचा बायपासजवळ मोठा नवा हॉल होता, एसी, लिफ्ट, संगमरवरी जिना असलेला. या जुन्या जागेवर त्यांना इमारत बांधायची होती. त्यांनी काकांना खुर्ची दिली आणि म्हणाले, "काका, आधीची बुकिंग मी पाळणार. ज्यांना चालेल त्यांनी माझ्या नव्या हॉलमध्ये यावं, एक पैसा जास्त घेणार नाही. ज्यांना नाही चालणार, त्यांचं लग्न इथेच होईल. पण इथला पंप आणि इथलं वायरिंग तुमच्याशिवाय कुणाचं ऐकत नाही. सामान काढताना माझे मजूर वायरी तोडतील, तेव्हा शेवटचं लग्न होईपर्यंत तुम्ही थांबा, एक दिवसही जागा सोडू नका. खोलीही तोपर्यंत तुमची. मग चाव्या द्या आणि आराम करा."

काका घरी आले ते मनातून हलके होऊन. सगळी बुकिंग नव्या हॉलला गेली की आपण मोकळे. कुणाचं लग्न अडलं नाही, कुणाला दिलेला शब्द मोडला नाही, आणि काकूंना घेऊन बसमध्ये बसलो.

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी एकेका घरी फोन लावायला सुरुवात केली. आयुष्यभर ज्या हॉलची तारीफ केली, त्याची नालस्ती करण्यात ते रंगून गेले. "अहो, इथे पंखे आहेत ते वारा कमी आणि आवाज जास्त देतात. तिथे एसी आहे. म्हाताऱ्या माणसांना लिफ्ट आहे. इथल्या पायऱ्यांवर दर लग्नात एक तरी आत्या पडते." काकू पलंगावरून ऐकत. "एवढं खोटं कधी शिकलात?" त्यांनी विचारलं. "खोटं कुठे," काका म्हणाले, "आत्या खरंच पडते."

एकेक करून सगळे हलले. उरलं फक्त सगळ्यात शेवटच्या तारखेचं एक लग्न. चष्म्याच्या दुकानदाराच्या मुलीचं.

चष्मेवाले फोनवर म्हणाले, "येऊन भेटतो." एका दुपारी ते, त्यांची बायको आणि मुलगी असे तिघं आले. काका तेव्हा पंपाखाली आडवे होऊन वायसर बदलत होते. पाहुणे मागच्या खोलीत काकूंपाशी बसले. काका हात पुसत आले तेव्हा काकू मुलीला काहीतरी सांगत होत्या आणि मुलगी हसत होती. चष्मेवाले मात्र गप्प होते. पलंग, त्यावरच्या उशा, औषधांच्या बाटल्या, कपडे वाळत घातलेली दोरी, असं सगळीकडे त्यांची नजर फिरत होती.

काकांनी नेहमीचं सुरू केलं. "नवा हॉल बघितलात का? तिथला जिना..."

"बघितला," चष्मेवाले म्हणाले. "छान आहे. पण काका, आमचं इथेच राहू दे."

त्यांची बायको त्यांच्याकडे बघत राहिली. मग ती पदराशी चाळा करत म्हणाली, "हो, इथेच बरं."

काका म्हणाले, "इथे एसी नाही हो."

"थंडी असेल तेव्हा."

"आणि पुढच्या महिन्यापासून सामान न्यायला सुरुवात करणारेत. चांगल्या खुर्च्या जातील."

"लोक लग्नाला येतात, खुर्च्यांना नाही."

काकांनी शेवटचं हत्यार काढलं. "आत्या पडतात पायऱ्यांवर."

"आमची आत्या पडायलाच हवी," मुलगी म्हणाली, आणि काकूंसकट सगळे हसले.

निघताना फाटकाशी चष्मेवाले थांबले. त्यांनी काकांच्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू विचारलं, "काका, मोकळेपणाने सांगा. आमचं लग्न इथे ठेवलं तर तुम्हाला काही अडचण नाही ना?"

काकांच्या ओठांवर आलं होतं. बायकोला माहेरी न्यायचंय, दिवस थोडे आहेत. एवढंच वाक्य. पण समोर मुलीचा बाप उभा होता, मुलीने हॉल पसंत केला होता, आणि तारीख काकांनी स्वतःच्या तोंडाने दिली होती. आजवर कधी कुठल्या बापाला त्यांनी दारातून परत पाठवलं नव्हतं.

"मला कसली अडचण," काका म्हणाले.

चष्मेवाल्यांचा चेहरा उजळला. "मग झालं तर," असं म्हणून त्यांनी काकांचा हात दाबला.

आत येऊन काका पलंगाच्या कडेला बसले. काकूच म्हणाल्या, "पोरगी गोड आहे. होऊ दे तिचं. मग जाऊ."

"तोवर तू..."

"तोवर मी कुठे पळून चाललेय?"

नवे मालक शब्दाला जागले, पण त्यांचे मजूरही कामाला जागत होते. आधी रस्त्यावरची पाटी उतरली. मग दालनातली काचेची झुंबरं गेली आणि त्यांच्या जागी नुसते हूक लोंबत राहिले. मग गाद्यांच्या खुर्च्या, मग पडवीतली टेबलं, मग पडदे. भिंतीवर पडद्याआडचा रंग उजळ होता, त्यामुळे पडदे गेल्यावरही त्यांच्या जागा दिसत. काका रोज संध्याकाळी एक फेरी मारत आणि परत येऊन काकूंना सांगत, आज काय गेलं. काकू विचारत, "पंप?" "पंप कोण नेतोय," काका म्हणत.

काकूंचंही तसंच चाललं होतं, पण त्याची फेरी काका मारत नव्हते. आधी त्या न्हाणीघरापर्यंत भिंत धरून जात, मग काकांना धरून, मग काकांनी पलंगाशेजारी बादली आणून ठेवली. बोलता बोलता त्या थांबत, श्वास घेत, आणि जिथे सोडलं होतं तिथून पुढे बोलत. जवळ असलेल्या माणसाला या गोष्टीची सवय होते. काकांना झाली. कोपऱ्यात माहेरी न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती. बहिणीसाठी घेतलेली शाल वरच होती. काकू अधूनमधून ती काढायला लावत, मांडीवर घेत आणि परत घडी करून ठेवायला सांगत.

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी पत्र्याच्या भाड्याच्या खुर्च्या आल्या. चष्मेवाल्यांनी फुलं भरपूर सांगितली होती, त्यामुळे झुंबरांचे उघडे हूक झाकले गेले. साऊंडवाला माइक लावून म्हणाला, "काका, चेक करतो. हॅलो..."

"थांब," काका म्हणाले. "तो बिनवायरचा माइक दे इकडे."

ते माइक घेऊन मागच्या खोलीत गेले आणि तो काकूंच्या हातात दिला. "शेवटचं लग्न आहे इथलं. दुसऱ्या कुणाला बोलू देणार का?"

काकूंचे डोळे लकाकले. "जा, बसा जाऊन जागेवर," त्या म्हणाल्या.

काका दालनात आले आणि शेवटच्या ओळीतल्या कोपऱ्यातल्या खुर्चीत बसले. स्टेज रिकामं होतं. मग स्पीकरमधून आवाज आला.

"ऐकू येतंय का? हात वर केला असेल. मला दिसत नाही, पण केला असेल."

काकांचा हात वर होताच. फुलंवाल्या बायका हसल्या.

"आता नीट ऐका. गाडीत मला खिडकी पाहिजे. लग्न होऊन येताना तुम्ही मला मधे बसवलं होतं आणि स्वतः खिडकीत बसून झोपलात. मी अख्खा रस्ता..."

इथे त्या थांबल्या. खोलीत त्या अशाच थांबत. पण खोलीत ते नुसतं थांबणं असे. इथे माइक त्यांच्या ओठांशी होता. चारी कोपऱ्यांतल्या स्पीकरांमधून त्यांचा श्वास येऊ लागला. आत जाताना अडखळणारा, बाहेर येताना आतलं काहीतरी खरवडून आणणारा. तो एवढ्या मोठ्या दालनात, उघड्या भिंतींवर आदळून परत येत होता. काकांनी तो रोज शेजारी बसून ऐकला होता, आणि आज पहिल्यांदा त्यांना तो ऐकू आला.

साऊंडवाला डोकं खाजवत पुढे आला. "काका, घरघर येतेय. वायर तपासू का?"

"वायर ठीक आहे," काका म्हणाले.

"...अख्खा रस्ता," स्पीकर म्हणाला, "काहीच बघितलं नाही."

काका हात खाली करायचं विसरून गेले होते.

सकाळी पाहुणे यायच्या आत त्यांनी डॉक्टरांना बोलावून आणलं. डॉक्टरांनी तपासलं आणि काकांना पंपापाशी नेऊन सांगितलं, "प्रवासाचा विचार सोडा आता. घरी ठेवायचं की दवाखान्यात, एवढंच ठरवायचंय." काकांनी मान हलवली. मग त्यांनी पंप सुरू केला, टाकी भरली आणि मधलं दार उघडून हॉलमध्ये गेले. काकूंना त्यांनी काही सांगितलं नाही.

पाटी नसल्यामुळे निम्मे पाहुणे रस्त्यावरून पुढे गेले आणि वळून आले. मुलाकडचे एक गृहस्थ दारातच म्हणाले, "हा हॉल आहे की गोदाम?" चष्मेवाले त्यांना हाताला धरून आत घेऊन गेले. "गोदाम म्हणा, पण तुम्ही मागे बसून बघा, आवाज किती स्वच्छ येतो." आणि खरंच आवाज स्वच्छ येत होता. मुलीची आत्या पायऱ्यांवर अडखळली, पण पडली नाही. दिवे गेले नाहीत. पाणी संपलं नाही. दुपारी जेवणाच्या वेळी सगळीकडे इतकी गडबड होती, की क्षणभर काकांना वाटलं, सगळं पहिल्यासारखंच आहे.

मुलगी नव्या कपड्यांत, नवऱ्याला घेऊन मागच्या खोलीत आली. काकूंनी तिला जवळ बसवलं, तिच्या खांद्यावरची पिन काढून नीट लावून दिली. पिन बरोबर जागेवर बसली.

"सासर लांब आहे का गं?"

"छे, काकू. इथून दोन स्टॉप."

"मग येत जा आईकडे. जवळ आहे म्हणून राहून जातं." श्वास घेऊन त्या म्हणाल्या, "लांब असलं तरी राहून जातंच."

संध्याकाळी पाहुणे पांगले. पत्र्याच्या खुर्च्या एकात एक घालून रचल्या जात होत्या, त्याचा खणखणाट येत होता. नव्या मालकांचा मॅनेजर चाव्या घ्यायला येऊन फाटकाशी मोटारीत बसला होता. चष्मेवाले मागच्या खोलीत आले. थकले होते, पण चेहऱ्यावर समाधान होतं. त्यांच्या हातात एक छोटी डबी होती.

"वहिनी, त्या दिवशी तुम्ही पेपर हात लांब करून वाचत होतात. धंदाच तो माझा, लक्ष जातं. अंदाजाने केलाय. घालून बघा."

काकूंनी चष्मा घातला आणि काकांकडे बघितलं. "अगंबाई," त्या म्हणाल्या, "केवढे म्हातारे झालात हो तुम्ही."

तिघंही हसले. मग चष्मेवाले स्टुलावर बसले आणि म्हणाले, "काका, एक सांगायचं राहिलंय. आज सांगायला हरकत नाही. त्या दुपारी आम्ही खरं तर तुमचा निरोप घ्यायला आलो होतो. नवा हॉल आमचा ठरला होता. आमची मंडळी तर तो जिना बघून हरखून गेली होती. पण फाटकावरच्या रखवालदाराने सांगितलं, तुमचं एकच बुकिंग राहिलंय, ते हललं की यांचं बिऱ्हाड हलणार. आत आलो तर वहिनी अशा. म्हटलं, या अवस्थेत यांना कुठे हलवणार? आपल्या हातात एवढंच आहे, आपण इथून हलायचं नाही. तेवढे महिने तरी यांना या खोलीत मिळतील." ते थोडे ओशाळून हसले. "बोललो असतो तर तुम्ही मला हाकललं असतंत. म्हणून बोललो नाही."

काका उभे होते. त्यांचा हात कमरेच्या जुडग्यावर गेला आणि तिथेच राहिला. कोपऱ्यात पिशवी होती. वर शाल होती. एक वाक्य फाटकाशी त्यांच्या तोंडात अडकलं होतं, एक समोरच्या माणसाच्या. दोघांनीही ते चांगुलपणाने गिळलं होतं. काकांनी तोंड उघडलं, पण त्यांच्याआधी काकू बोलल्या.

"फार केलंत हो," त्या म्हणाल्या. "पडल्या पडल्या लग्न ऐकायला मिळालं. आणि हा चष्मा."

"मी काय केलं," चष्मेवाले म्हणाले, पण त्यांचे डोळे भरून आले होते. त्यांनी काकूंना वाकून नमस्कार केला, काकांना मिठी मारली आणि ते मुलीला निरोप द्यायला गेले.

बाहेर खुर्च्यांचा आवाज थांबला होता.

"चांगला माणूस आहे," काकू म्हणाल्या.

"हो."

"त्याला कधी कळू देऊ नका."

"नाही."

काका पिशवीकडे बघत नव्हते. कुठेच बघत नव्हते. फाटकाशी मॅनेजरने हॉर्न वाजवला, एकदाच, संकोचाने. काका दाराशी जाऊन "आलो, आलो" म्हणाले आणि उंबऱ्यातच थांबले.

"अहो."

"काय?"

"ताईला फोन लावा."

"लावतो. तुझ्या कानाशी धरू?"

"कानाशी नको." काकूंनी एक श्वास घेतला, मग दुसरा. "तो चेहरा दिसतो तसला लावा. चष्मा आहे आता."

काका हलले नाहीत. फोन त्यांच्या खिशात होता आणि हात खिशापाशी होता.

"ऐकू आलं का?" काकूंनी विचारलं.

काकांनी दारात उभ्या उभ्या हात वर केला. मग आत येऊन पलंगावर बसले, फोन काढला आणि नंबर शोधू लागले. पलीकडे रिंग वाजू लागली, तशी काकूंनी दोन्ही हातांनी केस सारखे केले.